मँचेस्टरला विमानं बघायची तर आधी वारा बघा

काका, तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. पुण्याहून सहा महिन्यांसाठी मुलीकडे, मँचेस्टरजवळच्या सेल गावात आला आहात आणि नऊ वर्षांचा नातू विमानवेडा आहे, तर मँचेस्टर विमानतळावर त्याला घेऊन जायचं कुठे? विमाननगरला राहताना लोहगावच्या कुंपणाशी रेंगाळायची सोय नसते, तसं इथेही कोणी हटकेल का? आणि वह्या-दुर्बिणी घेऊन भर पावसात तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या त्या माणसांना यातून मिळतं तरी काय?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं छोटी आहेत. रनवे व्हिजिटर पार्कला जा. ही जागा विमानतळानेच खास विमानं बघणाऱ्यांसाठी बांधली आहे. हटकायचं तर सोडाच, पार्किंगचे पैसे घेऊन ते तुमचं स्वागत करतात. तिसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ लागेल. मी स्वतः बरीच वर्षं त्याच माणसांत उभा असतो, त्यामुळे माझ्या उत्तरात थोडा पक्षपात धरून चाला.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की आम्ही विमानं बघतो. खरं तर आम्ही अंदाज बांधतो आणि तो बरोबर ठरतो का ते बघायला उभे असतो. कुठून येईल, कुठल्या धावपट्टीवर उतरेल, कुठलं मॉडेल असेल, आणि वेळापत्रकात लिहिलंय तेच येईल की आज काही वेगळं. या खेळात सगळ्यात मोठा भिडू वारा. म्हणून नातवाला विमानांची नावं शिकवण्याआधी वारा शिकवा.

विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं आणि वाऱ्याला तोंड देऊनच उतरतं. पंखांना कळतो तो फक्त त्यांच्यावरून वाहणाऱ्या हवेचा वेग, जमिनीशी त्यांना देणंघेणं नाही. समजा एखादं जेट १४० नॉट वेगाने उतरतंय, म्हणजे ताशी साधारण २६० किलोमीटर. समोरून २० नॉटचा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबात ते १२० नॉटनेच टेकतं, म्हणजे ताशी सुमारे २२० किलोमीटर. ब्रेकवरचा ताण कमी, पट्टीही कमी लागते. इंग्लंडच्या या भागात वारा बहुतेक दिवस नैऋत्येकडून, अटलांटिकवरून येतो. त्यामुळे मँचेस्टरच्या पट्ट्या नैऋत्य-ईशान्य अशा आखल्यात आणि वर्षातला बहुतेक काळ विमानं ईशान्येकडून, स्टॉकपोर्टच्या घरांवरून येऊन उतरतात. वारा फिरला की सगळं उलटं होतं आणि ती नट्सफर्डच्या बाजूने येऊ लागतात. ज्या बागेत काल विमानं डोक्यावरून जात होती, तिथे आज नुसती शांतता असते. नवखे लोक वैतागून परत जातात ते यामुळेच.

हे आदल्या रात्रीच कळू शकतं. विमानतळाच्या हवामान अंदाजाचा अधिकृत संदेश इंटरनेटवर सगळ्यांना खुला असतो. मँचेस्टरचा सांकेतिक शब्द ईजीसीसी. संदेशात २४०१५ असे आकडे आणि पुढे केटी अशी अक्षरं दिसली, तर वारा २४० अंशांकडून, म्हणजे साधारण नैऋत्येकडून, १५ नॉटने वाहणार आहे. नऊ वर्षांच्या मुलाला हे पंधरा मिनिटांत येतं. मग सकाळच्या नाश्त्याला तोच तुम्हाला सांगेल की आज पट्टी २३ चालू असणार. हा आकडाही दिशेचाच आहे. पट्टीची चुंबकीय दिशा सुमारे २३० अंश, शेवटचं शून्य सोडून दिलं की २३. उलट बाजूने तीच पट्टी ०५. आणखी एक गंमत त्याला सांगा. हीच पट्टी पूर्वी २४ म्हणून ओळखली जायची. पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव सरकत असतो, त्यामुळे होकायंत्रातला आकडा बदलला आणि पट्टीचं नाव नव्याने रंगवावं लागलं.

मँचेस्टरला पट्ट्या दोन आहेत, समांतर, दोन्ही साधारण तीन किलोमीटर लांब. मुंबईला दोन पट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरता येते. इथे त्या शेजारी-शेजारी आहेत, पण मधलं अंतर फक्त ३९० मीटर. इतक्या जवळच्या पट्ट्यांवर एकाच वेळी दोन विमानं स्वतंत्रपणे उतरवता येत नाहीत. म्हणून दुसरी पट्टी पहिलीपेक्षा जवळजवळ १,८५० मीटर पुढे सरकवून बांधली आहे, आणि नैऋत्येचा वारा असताना पहिल्या पट्टीवर उतरायचं, दुसरीवरून उडायचं अशी वाटणी होते. यातून स्पॉटरला, म्हणजे आमच्यासारख्या विमानं बघणाऱ्याला, एक फुकटची मेजवानी मिळते. टर्मिनल पहिल्या पट्टीच्या अलीकडे, उड्डाण पलीकडून. म्हणजे निघणाऱ्या प्रत्येक विमानाला आधी चालू पट्टी ओलांडावी लागते. तीन-चार विमानं रांगेत थांबलीत, एक उतरून समोरून धडधडत गेलं, आणि मग परवानगी मिळताच रांग झपझप पलीकडे. ही शिस्त बघताना घड्याळाचं भान राहत नाही. मात्र दुसरी पट्टी दिवसभर उघडी नसते, गर्दीच्या वेळातच वापरतात.

ती पट्टी सुखासुखी झालेली नाही. १९९७ साली बॉलिन नदीच्या खोऱ्यात पर्यावरणवादी झाडांवर मचाणं बांधून आणि जमिनीखाली भुयारं खणून बसले होते. त्यांना बाहेर काढायला काही आठवडे लागले. २००१ च्या फेब्रुवारीत पट्टी सुरू झाली, आणि बॉलिन नदी आता पट्टीच्या पोटातून, बोगद्यातून वाहते. जवळच स्टायलला क्वॉरी बँक ही १७८४ सालची सूतगिरणी आहे, आता संग्रहालय. आपल्याकडे इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात ते ज्या कापसाच्या धंद्यामुळे, त्या धंद्याच्या अगदी सुरुवातीची ही गिरणी. पाऊस फार झाला आणि विमानं कंटाळवाणी वाटली तर तिथे जाता येईल. नातवाला आवडेलच असं नाही, तुम्हाला नक्की आवडेल.

आता जागा. रनवे व्हिजिटर पार्क पहिल्या पट्टीच्या उत्तरेला, आल्ट्रिंचमच्या बाजूला आहे. टर्मिनलपासून ते दूर पडतं, लेकीला गाडीने सोडायला सांगा आणि पार्किंगचं आधी ऑनलाइन बुक करा. शाळेच्या सुट्टीत आयत्या वेळी गेलात तर जागा मिळेलच असं नाही. आत मातीचे उंच चौथरे केलेत, त्यावर उभं राहिलं की कुंपणाची जाळी नजरेच्या खाली जाते. या एका गोष्टीसाठी जगातले कित्येक स्पॉटर मँचेस्टरचा हेवा करतात, कारण बाकी ठिकाणी शिडी घेऊन फिरावं लागतं. दोष एकच. तुम्ही उत्तरेला उभे, पट्टी दक्षिणेला, त्यामुळे दुपारी सूर्य समोर येतो. दुर्बिणीने बघायला अडचण नाही, पण फोटो काळे येतात. फोटो हवे असतील तर सकाळी लवकर जा, नाहीतर उन्हाळ्यातली लांबलचक संध्याकाळ गाठा. ढगाळ हवा असेल, आणि ती बहुतेक वेळा असतेच, तर हा प्रश्नच मिटतो.

पार्कातली उभी विमानं बहुतेक लोक फोटो काढून सोडून देतात. तुम्ही तसं करू नका. मोठ्या हँगरमध्ये कॉन्कॉर्ड आहे, नोंदणी जी-बीओएसी. यातली शेवटची चार अक्षरं म्हणजे ब्रिटिश एअरवेजच्या जुन्या कंपनीचं, बीओएसीचं नाव, म्हणून ताफ्यात या विमानाला पहिला मान. २४ ऑक्टोबर २००३ ला कॉन्कॉर्डची प्रवासी सेवा थांबली आणि ३१ ऑक्टोबरला हे विमान इथे उतरलं, ते कायमचं. आत जायला वेगळं तिकीट लागतं. ते काढा. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारं हे विमान आतून एसटीच्या निमआराम गाडीपेक्षा फार ऐसपैस नाही हे बघून नातू चकित होईल.

बाहेर ट्रायडंट हे जुनं ब्रिटिश प्रवासी विमान उभं आहे. त्याचं पुढचं चाक नीट बघा, ते मधोमध नाही, डाव्या बाजूला सरकवलेलं आहे. धुक्यात आपोआप उतरण्याची यंत्रं नाकात बसवायची होती, त्यांना जागा करून देण्यासाठी चाकाला बाजूला व्हावं लागलं. १९६५ साली प्रवासी घेऊन आपोआप जमिनीवर टेकणारं पहिलं विमान ट्रायडंटच होतं. इंग्लंडच्या धुक्याला इंग्लंडनेच शोधलेला तोडगा. त्याच्या पलीकडचं ॲव्रो आरजेएक्स दिसायला साधं, पण गोष्ट चटका लावणारी. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर विमानधंदा कोसळला, नोव्हेंबर २००१ मध्ये हा प्रकल्प बंद झाला, आणि तीन विमानं बनून विषय संपला. ते इथून जवळच वुडफर्डच्या कारखान्यात तयार झालं.

वुडफर्डवरून तुमच्या ओळखीचं एक विमान आठवलं. लोहगावला हवाई दलाचं दोन पंख्यांचं जुनं मालवाहू विमान तुम्ही नक्की पाहिलं असेल, ज्याला सगळे ॲव्रो म्हणतात. त्याचं पहिलं उड्डाण २४ जून १९६० ला वुडफर्डलाच झालं, आणि मग ते कानपूरला एचएएलने परवान्यावर बनवलं. आता त्याच्या जागी सी-२९५ घेतायत. म्हणजे मँचेस्टरच्या उपनगरात आखलेलं विमान पुण्याच्या आकाशात साठ वर्षं दिसत राहिलं. हे आजोबांच्या तोंडून नातवाने ऐकावं, माझ्यापेक्षा तुम्ही चांगलं सांगाल.

दुसरी जागा म्हणजे रिंगवे रोडवरचा एअरपोर्ट पब. त्याची मागची बाग विमानतळाच्या कुंपणाला लागून, पट्टी २३ च्या टोकाशी आहे. नैऋत्येचा वारा असेल तर उतरणारी विमानं इतक्या जवळून जातात की पोटावरची अक्षरं दुर्बिणीशिवाय वाचता येतात. पब म्हटल्यावर बिचकू नका, दुपारी तिथे कुटुंबंच असतात, मुलाला चिप्स आणि तुम्हाला चहा मिळतो. ईशान्येचा वारा असेल त्या दिवशी मात्र उतरणारी विमानं तिथून दिसायची नाहीत. रिंगवे हे गावाचं नाव, आणि १९३८ च्या जूनमध्ये विमानतळ उघडला तेव्हा तेच त्याचंही नाव होतं. युद्धाच्या काळात सुमारे ६०,००० सैनिकांनी छत्रीने उडी मारायचं शिक्षण इथेच घेतलं आणि शेजारच्या टॅटन पार्कात उड्या मारल्या.

पट्टीशी उभं राहणाऱ्याला आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी, जरी ती पार्कातल्या मुलांना कोणी सांगत नाही. २२ ऑगस्ट १९८५ ला सकाळी कोर्फूला निघालेलं ब्रिटिश एअरटूर्सचं ७३७ याच पट्टीवर धावत असताना डावं इंजिन फुटलं. तुकडा उडून पंखातली इंधनाची टाकी फुटली. वैमानिकाने उड्डाण थांबवलं, विमान उजवीकडे वळवून टॅक्सीवेवर, म्हणजे पट्टीला जोडलेल्या बाजूच्या रस्त्यावर, उभं केलं. वारा मंद होता, जेमतेम सात नॉट, पण वळल्यावर तो डाव्या बाजूने आला आणि त्याने ज्वाळा थेट विमानाच्या अंगावर ढकलल्या. ५५ माणसं गेली, त्यातली बहुतेक धुराने. त्या चौकशीतून पुढे जे बदल सक्तीचे झाले ते तुम्ही पुण्याहून येताना पाहिलेत: जमिनीलगत दारापर्यंत जाणारे दिवे, सहज पेट न घेणारी आसनं, पंखावरच्या दारापाशी सोडलेली मोकळी जागा. सात नॉटचा वारा काय करू शकतो हे कळल्यापासून मी हवामान संदेश वेगळ्या नजरेने वाचतो.

आता प्रत्यक्ष बघायचं काय. सुरुवातीला नातवाला दोनच विमानं ओळखायला शिकवा: बोईंग ७३७ आणि एअरबस ए३२०. मँचेस्टरच्या गर्दीतला मोठा वाटा या दोन घराण्यांचा. रायनएअरचं सहसा ७३७, ईझीजेटचं नेहमी ए३२० च्या कुटुंबातलं, म्हणजे रंग बघून उत्तर तपासता येतं. ७३७ चं नाक टोकदार, शेपटीच्या मुळाशी एक कोनदार टप्पा, इंजिनाचं तोंड खालून चपटं. डोक्यावरून गेलं की पोटात दोन काळी वर्तुळं दिसतात, ती त्याची आत घेतलेली चाकं, त्यांना पूर्ण झाकणं नसतात. ए३२० चं नाक गोल, शेपूट सरळ वर चढलेली, पोट बंद. जेट२ कडे दोन्ही प्रकार आहेत, ती परीक्षा शेवटी घ्या.

त्यानंतर मोठी विमानं. ७८७ च्या इंजिनाची मागची कड करवतीसारखी दातेरी असते आणि उडताना पंख वर वाकतात. ए३५० च्या काचांभोवती काळा पट्टा, पंखांची टोकं वळलेली. ए३८० ओळखायला शिकवावं लागत नाही. एमिरेट्स ते २०१० च्या सप्टेंबरपासून मँचेस्टरला आणते आणि दुपारच्या सुमाराला येणाऱ्या फेरीसाठी पार्कातली माणसं चहा टाकून चौथऱ्यावर येतात. पंखांचा विस्तार जवळपास ८० मीटर. ते आलं की तीन गोष्टी बघा. एक, इतकं मोठं असल्यामुळे ते हळू आल्यासारखं वाटतं, पण वेग बाकीच्यांसारखाच असतो. दोन, टेकल्यावर वेग कमी करायला उलटा झोत चारपैकी आतल्या दोन इंजिनांचाच. तीन, त्याच्या मागून येणारं विमान बरंच अंतर राखून असतं, कारण त्याच्या पंखांच्या टोकांनी हवेत भोवरे सोडलेले असतात. ए३८० गेल्यावर काही क्षणांनी हवेत चाबूक ओढल्यासारखा सुस्कारा ऐकू येतो कधी कधी, तो या भोवऱ्यांचा. मला ए३८० पेक्षा तो आवाज जास्त आवडतो.

पावसाला घाबरू नका. दमट हवेत उतरणाऱ्या विमानाच्या पंखावर पांढरी वाफ धरते, ओल्या पट्टीवर उलटा झोत लागला की पाण्याचा पडदा उठतो. आणि वादळाच्या दिवशी वारा आडवा असेल तर विमानं नाक वाऱ्याकडे वळवून, खेकड्यासारखी तिरकी येतात आणि टेकायच्या क्षणी सरळ होतात. असा दिवस मिळाला तर शाळा बुडवायलाही माझी हरकत नाही, तुमच्या लेकीची असेल.

पण हे सगळं पहिल्या वर्षाचं. पुढे जो धागा पकडला की माणूस सुटत नाही, तो नोंदणी क्रमांकाचा. तुमच्या गाडीला जशी नंबरप्लेट तशी प्रत्येक विमानाला अक्षरं, शेपटीजवळ आणि डाव्या पंखाखाली लिहिलेली. जी म्हणजे ब्रिटन, व्हीटी म्हणजे भारत, ए६ अमिराती, ईआय आयर्लंड, एन अमेरिका. आमच्या वह्यांत जे लिहिलेलं असतं ते हेच. कंपनीचं नाव विमानाला लागत-निघत राहतं. विकलं गेलं, दुसऱ्या देशात गेलं की नोंदणीही बदलते, पण कारखान्याचा अनुक्रमांक तोच राहतो. तो हाताशी असला की एका विमानाचं सगळं आयुष्य जुळवता येतं.

आपल्या माणसांना जवळचं उदाहरण देतो. इंडिगोने १ जुलै २०२५ ला मुंबई-मँचेस्टर थेट सेवा सुरू केली, ७८७-९ विमानाने. इथल्या मराठी मंडळींना आनंद झाला तो दुबई-दोह्याचा फेरा वाचला म्हणून. चौथऱ्यावरच्या मंडळींना आनंद झाला तो शेपटीजवळची अक्षरं वाचून: व्हीटी नाही, एलएन, म्हणजे नॉर्वे. विमान नॉर्स अटलांटिककडून वैमानिकांसह भाड्याने घेतलेलं, आणि नॉर्सकडची ही विमानं त्याआधी नॉर्वेजियन एअर शटलच्या ताफ्यात होती. म्हणजे मुंबईहून आलेल्या विमानात बसलेल्या कोणालाही न कळलेली गोष्ट बाहेर कुंपणाशी उभ्या माणसाला दोन अक्षरांवरून कळते. तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर बरंचसं इथे आहे. जाण्याआधी ती सेवा चालू आहे ना आणि तिचे दिवस कोणते ते वेळापत्रकात तपासा, ते बदलत असतात.

याच्या आधीही मुंबईहून थेट विमान होतं. जेट एअरवेजने नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू केलं आणि १७ एप्रिल २०१९ ला कंपनीच थांबली. मँचेस्टरच्या वह्यांत अशी बरीच नावं आहेत जी पुन्हा दिसायची नाहीत. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये मोनार्क गेली, २०१९ च्या सप्टेंबरमध्ये थॉमस कुक, २०२० च्या मार्चमध्ये फ्लायबी. एका रात्रीत ताफा जमिनीवर येतो, काही महिन्यांनी तीच विमानं दुसऱ्या रंगात परत येतात, आणि चौथऱ्यावर कोणीतरी म्हणतं, हे आपलं जुनंच आहे. लोक याला छंद म्हणून हसतात. मला तर धंद्याची नाडी कळायला याहून सोपी जागा माहीत नाही: कुठली कंपनी भाड्याची विमानं आणतेय, कुठली रंग न देताच उडवतेय, हे वर्तमानपत्रात यायच्या आधी कुंपणाशी दिसतं.

फोनवरच्या ॲपबद्दल मी जरा जुनाट आहे. विमानं स्वतःची ओळख आणि जागा रेडिओवर सतत सांगत असतात, ते पकडून ॲप नकाशावर दाखवतं. सोय मोठी आहे, विशेषतः लंडनला धुकं पडून तिकडची विमानं अचानक मँचेस्टरकडे वळतात तेव्हा. पण मुलाने आधी फोन बघितला की तो आकाशाकडे नुसता पडताळा घ्यायला बघतो. पहिला तासभर फोन तुमच्या खिशात राहू द्या. त्याने अंदाज सांगावा, मग तुम्ही ॲपमध्ये बघून गुण द्यावेत.

कायद्याचं थोडं स्पष्ट सांगतो. इथे सार्वजनिक जागेतून विमानांचे फोटो काढायला बंदी नाही. पोलीस फेरी मारतात, दोन शब्द बोलतात, पुढे जातात. वैमानिक आणि नियंत्रण कक्षाचं बोलणं ऐकायचे रेडिओ इथल्या दुकानांत मिळतात आणि बरेच जण ऐकतातही, पण कायद्याने ते परवानगीशिवाय ऐकायचं नसतं. पाहुणे म्हणून आलेल्या माणसाने त्यात पडू नये. आणि ही सवय घेऊन परत जाताना सांभाळा. लोहगाव हवाई दलाचं, गोव्याचं दाबोळी नौदलाचं, तिथे कुंपणाशी दुर्बीण काढणं म्हणजे संकटाला आमंत्रण. २०१० साली दिल्ली विमानतळाजवळच्या हॉटेलात दोन ब्रिटिश स्पॉटर रेडिओ आणि दुर्बिणीसकट पकडले गेले आणि सुटायला काही आठवडे लागले. त्याआधी २००१ मध्ये ग्रीसमध्ये कलामाटाच्या लष्करी तळावर डझनभर ब्रिटिश आणि दोन डच स्पॉटरांना हेर समजून अटक झाली. शिक्षाही झाल्या, त्या अटकेनंतर वर्षभराने अपिलात रद्द झाल्या. विमानांचे आकडे कोणी केवळ आवडीने लिहून घेतं हे ग्रीक न्यायालयाला पटवताना वकिलांच्या नाकी नऊ आले.

सामान फार नको. मुलासाठी ८ पटीची हलकी दुर्बीण, त्याहून मोठी घेतली तर हात थरथरतो आणि काहीच दिसत नाही. महाग कॅमेरा यंदा नको. वही साधी, रकाने पाच: तारीख, पट्टी, कंपनी, मॉडेल, नोंदणी. वाऱ्याचा आकडा पानाच्या वर. जून असला तरी जाकीट आणि टोपी घ्या, चौथऱ्यावर वारा थेट लागतो. डबा घरून न्या.

दिवस निवडायचा तर असं करा. आदल्या रात्री नातवाला अंदाज वाचायला लावा. नैऋत्येचा वारा असेल तर सकाळी पार्क, कॉन्कॉर्ड, एमिरेट्सचं दुपारचं विमान, आणि मग चारच्या पुढे पबची बाग. ईशान्येचा असेल तर पब वगळा आणि सगळा वेळ पार्कातच काढा. आणि लंडनला धुकं सांगितलं असेल तर घरीच थांबा, ॲप उघडा, आणि लंडनहून कोण वळतंय ते बघून मगच गाडी काढायला सांगा.